धमालगडाचा पंचनामा

काकडी सोबत नेण्यासाठी सरकारी दाखला लागतो, हे कमलेश बडेकराने भिसेगावात कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्याला दोन दिवस रजा टाकून झोप काढायला सांगितलं असतं. पण लागतो. खालापूरला हायवेजवळ 'धमालगड' नावाचं ते अवाढव्य पार्क आहे ना, पाळणे, घसरगुंड्या, भुताचा बंगला आणि दीडशे रुपयांचा समोसा असलेलं, तिथे बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. अपवाद फक्त दाखलेवाल्यांचा. आणि कमलेशची मुलगी समिधा घराबाहेर दोनच गोष्टी खाते, पांढरा भात आणि काकडी. काकडीसुद्धा चौकोनी तुकडे केलेली, बिया काढलेली. गोल चकत्यांची काकडी ही तिच्या मते वेगळीच भाजी आहे. लोक हसतात. हसणाऱ्यांनी एकदा बिया काढून चौकोनी काकडी खाऊन बघावी; गोल काकडी खाण्यात गेलेल्या आयुष्याची त्यांना कीव येईल.

समिधा नऊ वर्षांची. डॉक्टर तिला स्वमग्न म्हणतात, ऑटिझम. आजी-आजोबा होते तोवर 'आपल्याच तंद्रीत असते' म्हणायचे. आणि कमलेशचा थोरला भाऊ हर्षद, बदलापूरला असतो तो, काहीच म्हणत नाही, फक्त कुठे जायचं ठरलं की फोनवर घसा खाकरतो आणि म्हणतो, "समिधाला शेजारच्या मोतीबाईंकडे ठेवाल ना? म्हणजे तिलाच त्रास नको, म्हणून म्हटलं."

हे 'तिलाच त्रास नको' गेली चार वर्षं चाललं होतं. गेल्या वर्षी सगळं कुटुंब समुद्रावर जाऊन आलं, त्याचा मोठा फोटो हर्षदने फ्रेम करून आपल्या दिवाणखान्यात लावला. दिवाळीला कमलेश त्या फोटोखालीच चकली खात बसला होता. फोटोत सगळे बडेकर होते. हर्षदचा रुद्र होता, वहिनी होती, वहिनीचा भाऊ होता, एका कोपऱ्यात कुणाचं तरी कुत्रं होतं. समिधा नव्हती. कुत्र्याकडे बघता बघता कमलेशच्या घशात चकली अडकली, आणि पाणी पिऊन झाल्यावर तो सगळ्यांसमोर बोलून बसला, "डिसेंबरात धमालगडला जाऊ. समिधा येईल. गेटातून आत जाईल, आणि फोटोत असेल. नाही जमलं तर परत कधी शब्द काढणार नाही."

हर्षदने घसा खाकरला. हर्षला, म्हणजे कमलेशची बायको, तिने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बशीतली दुसरी चकली आपोआप मोडली.

आता कमलेशच्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून निघाला. तो सरकारी मोजणी खात्यात कारकून आहे. कुठल्या तालुक्यात ते विचारू नका, सांगितलं तर त्याची बदली व्हायची. वीस वर्षं त्याने एकच काम केलं. लोक जमीन मोजून मागायला येतात आणि तो मान वर न करता म्हणतो, "पुढच्या बुधवारी या." हे वाक्य त्याने इतक्या गोडीने घोटलं आहे की काही शेतकरी नुसतं ते ऐकायला येतात असा त्याचा समज आहे.

तर काकडीच्या दाखल्यासाठी तो एका सरकारी खिडकीवर गेला. (तीही कुठली ते विचारू नका.) आतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बडेकर म्हणजे मोजणीवाले बडेकर का?"

"हो, हो!" ओळख निघाली म्हणून कमलेश खुलला.

"मी चौकचा. आमच्या चौदा गुंठ्यांची मोजणी तुमच्या टेबलावर होती. दीड वर्ष."

गृहस्थांनी अर्ज हळुवारपणे फायलीत ठेवला, फाईल बंद केली आणि मान वर न करता म्हणाले, "पुढच्या बुधवारी या."

सूरसुद्धा कमलेशचाच होता. आपली चाल दुसऱ्याच्या तोंडी ऐकून कुठल्याही कलावंताला जे वाटेल ते त्याला वाटलं, म्हणजे अपमान आणि थोडा अभिमान.

पुढच्या बुधवारी तो समिधाला घेऊन गेला, तर तिच्या ऑटिझमच्या जुन्या प्रमाणपत्रावरचा फोटो आडवा आला. तो तिच्या तिसऱ्या वर्षीचा.

"ही हीच मुलगी कशावरून?"

कमलेश तोंड उघडणार तोच समिधाने फोटो पाहून स्वच्छ आवाजात सांगितलं, "ही मी नाही. ही तीन वर्षांची आहे. मी नऊ वर्षांची आहे."

"बघा," गृहस्थ म्हणाले, "अर्जदार स्वतः जबाब देतेय. पुढच्या बुधवारी नवीन फोटो घेऊन या."

तिसऱ्या खेपेला कमलेश जोडलेले हात सोडायलाच विसरला होता. "काकडी असं लिहिता येणार नाही, काकडीला आमच्याकडे नंबर नाही," असं चाललं असताना समिधा भिंतीवरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. थुंकू नये. शांतता राखा. "अर्ज केल्यापासून सात दिवसांत दाखला मिळेल." इथे ती थांबली. खिडकीशी आली. "आज पंधरावा दिवस आहे. पाटी चूक आहे की तुम्ही?"

रांगेतल्या बारा माना पाटीकडे वळल्या. गृहस्थांनी पाटीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि सही केली. वीस वर्षांच्या नोकरीत कमलेशला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ऑफिसात परतल्यावर सगळ्यात आधी त्याने आपल्या भिंतीवरच्या पाटीपुढे कपाट सरकवलं.

दाखला आला आणि बातमी फुटली. भिसेगावात बातमीला पाय नसतात, तिच्याकडे मोटरसायकल असते. संध्याकाळपर्यंत बडेकरांच्या ओट्यावर सल्ल्यांचा ढीग पडला. कुणी कानात मोहरीचं तेल घालायला सांगितलं, कुणी निघताना नारळ ओवाळायला. शेजारच्या मोतीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आरं कमलेशा, पोरीला काय झालेलं नाय. तुमीच तिला निस्तं सांगत नाय कुठं नेताव ते. मला कुनी काय नाय सांगता टेंपोत घातली, तर मी बी बोंबलंन ना!"

हे बोलणं कुणी मनावर घेतलं नाही, कारण त्यात नारळ नव्हता. पण पनवेलच्या ज्या बाई समिधाला शिकवतात, त्यांचंही म्हणणं नेमकं हेच होतं. समिधाला गर्दीची भीती नाही, न सांगता आलेल्या गर्दीची आहे. तेव्हा काय काय होणार त्याची चित्रांची वही करा, रोज दाखवा, आणि जमलं तर तालीम घ्या.

"साधी चित्रं काढू," हर्षला म्हणाली. "खिडकी, रांग, पाळणा. मी काढते."

"चित्र म्हणजे पुरावा नव्हे," कमलेश म्हणाला.

इथे, मंडळी, पहिली ठिणगी पडली. मोजणी खात्यात एक रिवाज आहे. कुठलीही गोष्ट घडली असं नुसतं लिहून चालत नाही. ती कुणासमोर घडली त्या पंचांची नावं लागतात, फोटो लागतो, शिक्का लागतो. त्याला पंचनामा म्हणतात. ज्याला पंच नाहीत ते कमलेशच्या लेखी घडलेलंच नसतं. त्याचं स्वतःचं लग्नसुद्धा अल्बम हाती येईपर्यंत त्याला पुरतं पटलं नव्हतं, असं हर्षला सांगते.

धमालगडाच्या वेबसाइटवर फोटो होते, पण सगळे बत्तीस दात दाखवणाऱ्या माणसांचे. तिकिटाची खिडकी कुठेच नाही. मग कमलेशने ठरवलं, फोटो आपणच काढायचे, पंच आपलेच घालायचे.

भिसेगावच्या नाक्यावर मोहियुद्दीनभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याला रस्त्याकडे गजांची खिडकी आहे. भाईंना विचारलं तर ते म्हणाले, "अरे कमलेशभाऊ, समिधासाठी ना? मग विचारतो कशाला? सांग, हसू का सिरियस राहू?" पान चौथं तयार झालं: तिकीट खिडकी, समक्ष मोहियुद्दीनचाचा. पान पाचवं, पिशवीची तपासणी, समक्ष मोतीबाई. पान सहावं, रांग. रांगेत पुढे मोतीबाईंचे यजमान बुधाजी, कारण रांगेत उभं राहण्याचा त्यांच्याइतका अनुभव रेशनच्या दुकानालाही नाही. सातव्या पानावर पाळणा हवा होता. पाळणा कुठून आणणार? मोहियुद्दीनभाईंचा माल आणायचा टेंपो होता. समिधाला मागे गादीवर बसवून, दोरीने बांधलेल्या खुर्चीत हर्षलाला सोबत देऊन, भाईंनी नदीकडच्या कच्च्या वाटेने पाच फेऱ्या मारल्या. त्या वाटेवरचे खड्डे असे की पहिल्या फेरीत हर्षलाचं मंगळसूत्र पाठीवर गेलं आणि दुसरीत परत पुढे आलं. फोटो निघाला: झुला, पाच फेऱ्या. आठवं पान, घरी. शाईत बाटलीचं झाकण बुडवून कमलेशने प्रत्येक पानावर गोल जांभळा शिक्का मारला. समिधाने प्रत्येक शिक्का बोटाने तपासला. सहाव्या पानावरचा थोडा कापला गेला होता, तो परत मारून घेतला.

"अहो," हर्षला म्हणाली, "त्या दिवशी हे सगळे तिथे असणार आहेत का?"

"हे नमुन्यादाखल आहे."

"ते तिला माहितेय का?"

ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्यावर कमलेश ऑफिसात 'नोंद घेतली' असा शेरा मारतो. तसा त्याने मनात मारला.

मग तीन रविवार तालमी. पहिल्याला अख्खी गल्ली रांगेत. बुधाजी पुढे उभे राहून खोकायचे. त्या खोकल्याने माथेरानची माकडं खाली उतरली असं म्हणतात. मी पाहिलं नाही, पण न पाहिल्याने गोष्ट खोटी होत नाही. दुसऱ्या रविवारी गोंगाटाची तालीम. पार्कात आवाज असणार, म्हणून समिधाच्या कानांवर आवाज अडवणारी मोठी निळी कानझाकणे घालून मोतीबाईंनी परात बडवली, कुणी कुकरच्या शिट्ट्या काढल्या, कुणी मिक्सर लावला. समिधा शांतपणे वहीकडे बघत बसली. पण लग्न समजून पलीकडच्या गल्लीतून तीन पाहुणे आहेर घेऊन आले. तिसऱ्या रविवारी मोतीबाईंनी पिशवी तपासताना इतका जीव ओतला की कमलेशच्या पाकिटातली लॉटरीची तिकिटं बाहेर आली. हर्षलाला त्यांची कल्पना नव्हती. ती कहाणी वेगळी आणि जास्त दुःखाची आहे.

पण समिधा! समिधा रोज संध्याकाळी वही उघडायची, आठही पानं वाचायची, आणि झोपताना म्हणायची, "रविवारी धमालगड." हसायची नाही. पण वही उशाशी घ्यायची. कमलेश दारातून बघायचा आणि हर्षदच्या दिवाणखान्यातला फोटो मनातल्या मनात उतरवून तिथे दुसरा लावायचा.

तो रविवार आला. पान पहिलं, उठणे, बरोबर. पान दुसरं, गाडीत बसणे, बरोबर. पान तिसरं, चौकला थांबून पाणी पिणे, बरोबर; समिधाने हिरव्या पेन्सिलीने खूण केली. दहाला दहा मिनिटं असताना ते धमालगडाच्या गेटासमोर उभे होते. हर्षद, वहिनी आणि रुद्र आधीच येऊन, टोप्या घालून, लोण्यासारखं ते उन्हाचं क्रीम नाकाला फासून तयार. समिधाच्या हातात वही, गळ्यात कानझाकणे, पिशवीत दाखला आणि चौकोनी काकडी. कमलेशने भावाकडे जो कटाक्ष टाकला त्याचं वजन चकलीच्या डब्याएवढं होतं.

समिधा तिकिटाच्या खिडकीशी गेली. आत लाल टोपी घातलेली एक मुलगी बसली होती. छातीवर नाव, सुप्रिया. "हॅपी धमाल! वेलकम!" ती म्हणाली.

समिधाने वही उघडली. पान चौथं. खिडकीकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं.

"चाचा नाहीत."

"अगं, चाचा दुकानात आहेत," कमलेश म्हणाला. "या ताई देतील तिकीट."

"चौथ्या पानावर चाचा आहेत."

"ते... नमुना होता बेटा."

"शिक्का आहे," समिधा म्हणाली.

शिक्का होताच. कमलेशने वीस वर्षांत स्वतः शिक्क्यापुढे कुणाचं ऐकलं नव्हतं. तो घामाघूम झाला, पण कारकुनाचं डोकं संकटात चालतं. रेकॉर्डात चूक निघाली की काय करतात? शुद्धिपत्रक लावतात! त्याने तिकिटाच्या पाकिटावर पेनने लिहिलं: 'पान ४ वर मोहियुद्दीनचाचा ऐवजी सुप्रियाताई वाचावे.' समिधाने ते दोनदा वाचलं. तिला ते पटत होतं, असं हर्षला आजही सांगते. मग तिने कागद परत केला.

"शिक्का नाही."

शिक्का, म्हणजे बाटलीचं झाकण, भिसेगावात खिडकीच्या कोनाड्यात होतं.

आणि नेमक्या त्याच क्षणी, कुठल्याच पानावर नसलेलं एक सहा फुटी केसाळ अस्वल, आत माणूस असलेलं, दोन्ही हात पसरून, गाणं लावून नाचत समिधाकडे आलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. समिधा खाली बसली, हात कानांवर, डोळे मिटलेले, आणि तिच्या तोंडून तो आवाज सुरू झाला जो कमलेशच्या बरगड्यांत चार वर्षं साठून राहिला होता. लोक थांबले. दोघांनी मोबाइल काढले. एका गृहस्थांनी, कुणी विचारलेलं नसताना, "कानाखाली एक द्या, गप्प होईल" असा सल्ला दिला. हर्षला त्यांच्याकडे नुसतं पाहून म्हणाली, "काका, जा." ते गेले. ती समिधाला मागून घट्ट धरून बसली आणि हळूहळू डोलत राहिली. अस्वलाने डोकं काढलं, आतला घामेजलेला मुलगा रडवेला झाला होता. "सॉरी ताई, मला माहीत नव्हतं हो."

हर्षदने घसा खाकरला. "मी म्हटलं नव्हतं का, कमल्या?" तो हळू म्हणाला. "तिलाच त्रास." मग घड्याळाकडे पाहिलं. "रुद्रची तिकिटं काढलीयत. आम्ही होतो पुढे. तुम्ही बघा... घरी वगैरे."

ते गेटातून आत गेले. कमलेश पार्किंगच्या कडेला, वॉचमनच्या ताडपत्रीखाली, सिमेंटच्या खांबाला टेकून बसला. समिधा शांत झाली होती, पण वही पोटाशी धरून एकाच जागी बघत होती. चौथ्या पानाच्या पुढे जगच नव्हतं. आणि ते जग लिहिलं होतं कुणी? सही, शिक्का, बापाचा. दुसऱ्या कुणावर ढकलावं तर वर साहेबही नाही.

"हर्षला," तो म्हणाला, "मी गाढव आहे."

"नोंद घेतली," हर्षला म्हणाली. मग तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. "फोन लावा."

"कुणाला?"

"चौथ्या पानाला."

मोहियुद्दीनभाईंनी फोनवर फक्त एवढं ऐकलं की समिधा खिडकीशी अडली. "रविवारचं दुकान गेलं खड्ड्यात! झाकण कुठं ठेवलंयस? शाई?" तासाभराने धमालगडाच्या पार्किंगमध्ये परदेशी गाड्यांच्या रांगेत एक टेंपो घुसला. पुढे भाई. मागे गादीवर बुधाजी, आणि हाताला भाकरीचं पीठ तसंच असलेल्या मोतीबाई.

"तुम्ही पण?" कमलेश उठून उभा राहिला.

"आरं, पाचव्या पानावं मी हाय ना!" मोतीबाई म्हणाल्या. "भाईनं सांगितलं तशी तवा उतरवला नि निंगाली. भाकर करपली ती करपली."

समिधा उठली. वही उघडली. तिकिटाच्या खिडकीवर सुप्रियाने, नियमात कुठेच बसत नसताना, बाजूला सरकून जागा केली. "चाचा, इथे उभे राहा. वरच्या कुणी विचारलं तर म्हणेन स्टाफचे आहेत." भाई तिच्या शेजारून वाकले, लाल टोपी मागून घेऊन डोक्यावर ठेवली आणि तालमीतल्यासारखे सिरियस झाले. समिधाने तिकीट घेतलं. खूण केली. पाचवं पान. मोतीबाईंनी पिशवी उघडली, दाखला वाचता येत नसताना उलटसुलट पाहिला, "काकडी हाय, जाऊ द्या" म्हणाल्या, आणि त्याच जोरात पार्कच्या सिक्युरिटीवालीच्या पिशवीचीही झडती घेतली. खूण. सहावं पान. बुधाजी रांगेत पुढे उभे राहून खोकले. रांग आपोआप मोकळी झाली. खूण.

समिधा गेटातल्या फिरत्या दांड्यापाशी पोचली. एक पाऊल. एक पाऊल आत टाकलं की गेट पार, शब्द पुरा, फोटो भिंतीवर.

समिधाने वही उघडली. सातवं पान, झुला. टेंपो.

तिने समोर पाहिलं. समोर आभाळात वळसे घेणारे लोखंडी रूळ होते, त्यावर किंचाळणारी माणसं होती. मग तिने वळून पाहिलं. टेंपो पार्किंगमध्ये होता.

ती वळली आणि बाहेर आली.

"समिधा! बेटा! एकच पाऊल—" कमलेश मागे धावला. फिरत्या दांड्यात त्याच्या सदऱ्याचा खिसा अडकून फाटला, लॉटरीची उरलेली दोन तिकिटंही त्यात गेली. समिधा टेंपोच्या मागे चढली, गादीवर बसली, कानझाकणे चढवली, हर्षलासाठी खुर्ची दाखवली आणि म्हणाली, "पाच फेऱ्या."

भाईंनी कमलेशकडे पाहिलं. कमलेशने आभाळाकडे पाहिलं. आभाळात एक पाळणा उलटा होत होता. तो मान खाली घालून म्हणाला, "मारा, भाई."

पार्किंगला पाच फेऱ्या झाल्या. गतिरोधकांवरून टेंपो असा उडाला की वरच्या रुळांवरची माणसं वाकून बघायला लागली. दुसऱ्या फेरीत समिधा हसली. तालमीतही ती कधी हसली नव्हती. तोंड उघडून, डोळे मिटून, मान मागे टाकून. पाचव्या फेरीपर्यंत वॉचमन, सुप्रिया, आणि डोकं काखेत धरलेलं अस्वल टाळ्या वाजवत होते. समिधाने सातव्या पानावर खूण केली, डबा उघडला, काकडी खाल्ली आणि सांगितलं, "धमालगड झालं."

झालं. आत एक पाऊल न टाकता. कमलेश टेंपोच्या चाकाला टेकून बसला. पोरगी खूश होती आणि तो हरला होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात कशा मावतात, ते त्या दिवशी त्याला कळलं. मावत नाहीत. डोळ्यांतून बाहेर येतात.

तेवढ्यात गेटातून हर्षदचं कुटुंब बाहेर आलं. दीड तास रांगेत काढून एकच पाळणा मिळाला होता. त्यावरून उतरल्यावर रुद्रने वहिनीच्या साडीवर सकाळचा उपमा परत केला होता. समोसा तिघांत वाटून खाल्ला होता. हर्षद टेंपोपाशी थांबला. समिधा काकडी खात होती, मोतीबाई तिची वेणी घालत होत्या.

"काय गं," तो ओशाळून म्हणाला, "कसं होतं धमालगड?"

"छान. पाच फेऱ्या."

रुद्र रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाबा, मला पण टेंपोत बसायचंय."

समिधाने वही उघडली. पहिल्या पानापासून आठव्यापर्यंत नीट, बोट फिरवत पाहिलं. "रुद्र कुठल्या पानावर नाही," ती म्हणाली. परत पाहिलं. "काका पण नाहीत."

ही काही टोमणा मारणारी मुलगी नव्हे. ती फक्त रेकॉर्ड तपासत होती. पण हर्षदने घसा खाकरायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. तोंडावरचं क्रीम ओघळून हनुवटीवर आलं होतं.

"मग आता?" शेवटी तो म्हणाला. "काय करायचं?"

समिधाने बापाकडे पाहिलं. कमलेशने डोळे पुसून झाकण आणि शाई पुढे केली. तिने वहीचं कोरं पान काढलं आणि हिरव्या पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात, सगळं नीट लिहिलं. मग त्यावर स्वतः शिक्का मारला, गोल, कुठेही न कापलेला, आणि वही काकाच्या हातात दिली.

हर्षदने मोठ्याने वाचलं: "फेरमोजणी. पान २, गाडीत बसणे, समक्ष रुद्र आणि हर्षदकाका. पान ४, चाचा. पान ५, मोतीबाई. पान ६, बुधाजीबाबा. पान ७, टेंपो. सगळ्यांनी हजर राहावे." त्याने मान वर केली. "कधी?"

समिधाने डब्याचं झाकण लावलं.

"पुढच्या बुधवारी या."